ओळख पटेल एवढा उजेड

गणपतीच्या दिवसांत भाच्याने व्हॉट्सअॅपवर एका जाहिरातीचा फोटो पाठवला. रायफलीवर बसवायची दुर्बीण, चोवीस पट मोठं दाखवणारी, आणि खाली ठळक अक्षरांत रात्रीही दिवसासारखं दिसण्याची हमी. सोबत एकच ओळ होती : "आत्या, ह्या घेतलंय तर चलात काय?"

तो सिंधुदुर्गात आमच्या घरी राहतो, शेती करतो. भात, थोडी नाचणी, परसात सुरण आणि रताळी. रताळी त्याने दोन वर्षांपूर्वी सोडली, कारण रानडुकरं एका रात्रीत सगळा वाफा नांगरल्यासारखा उलटून टाकत. केरळ सरकारने २०२२ साली शेतात घुसणारी रानडुकरं मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायतींकडे सोपवले, तेव्हापासून आपल्याकडेही तसंच व्हावं, असं त्याच्यासारखे अनेक जण बोलतात. आज आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय डुक्कर मारणं हा गुन्हा आहे, हे त्यालाही माहीत आहे. परवानगी मिळालीच तर तयारी असावी, एवढंच त्याचं म्हणणं. त्याला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. जे त्याला लिहिलं ते इतरांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हा लेख.

मी तेवीस वर्षं जर्मनीत, हेसन राज्यात, लान नदीच्या खोऱ्यात राहते. शेजारचं शहर वेट्स्लार. १९१४ साली ओस्कार बार्नाकने लायका कॅमेऱ्याचा पहिला नमुना तिथेच बनवला, आणि भिंगं घासणारे, त्यांवर लेप चढवणारे कारखाने या पंचक्रोशीत आजही आहेत. काचेवर लेप चढवणं हेच माझं काम. एकेचाळिसाव्या वर्षी मी इथला शिकारीचा परवाना घेतला. त्यासाठी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अशी परीक्षा असते. प्राण्यांचे रोग, दातांवरून वय, झाडं, कायदा, मांसाची स्वच्छता, सगळं विचारतात. लोक तिला 'हिरवी बारावी' म्हणतात, आणि नापास होणारेही पुष्कळ असतात.

परीक्षा झाल्यावर रायफलीवरची पहिली दुर्बीण घेताना मी चुकले. भिंगांचं शास्त्र कागदावर सगळं ठाऊक असूनही चुकले, म्हणून ती चूक सांगण्यासारखी आहे. मी सहा ते चोवीस पट आणि पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं, अशी दुर्बीण घेतली. मे महिन्यातली संध्याकाळ होती. आमच्या भागातल्या शिकारीचा पट्टेदार, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ, माझ्याशेजारी मचाणावर बसला होता. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. बीचच्या झाडांखाली, साधारण सत्तर मीटरवर, एक रो हरीण आलं. मे महिन्यात नर मारता येतो, प्रौढ मादी नाही. नराची शिंगं दोन कानांच्या मधे शोधायची असतात. ती दिसेनात, म्हणून मी कडी फिरवून हरीण मोठं केलं. अजून दिसेना, अजून मोठं केलं. जितकं मोठं तितकं काळं होत गेलं, आणि मधली केसासारखी बारीक फुली त्या काळ्यात कधी विरघळली ते कळलंच नाही. म्हाताऱ्याने काही न बोलता आपली जुनी आठ बाय छप्पन्न माझ्या हातात दिली. रायफल नव्हे, हातात धरायची दुर्बीण. तिच्यातून हरीण लहान होतं, पण उजळ होतं. कानांच्या मधे काही नव्हतं. मादी होती.

त्या दोन दुर्बिणींतला फरक समजून घेण्यासारखा आहे. पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरांना पटींनी भागायचं. छप्पन्न भागिले आठ म्हणजे सात. पन्नास भागिले चोवीस म्हणजे दोनच्या जरा वर. हा आकडा म्हणजे दुर्बिणीतून डोळ्यावर पडणाऱ्या उजेडाच्या टिकलीचा व्यास. घरीही बघता येतो : दुर्बीण हातभर लांब धरून खिडकीकडे रोखली की मागच्या भिंगात उजेडाची गोल टिकली तरंगताना दिसते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. तिच्यावर दोन मिलिमीटरची टिकली पडली, तर डोळा उजेडासाठी दार सताड उघडून बसलेला आणि आत येतोय तो फटीतून. पन्नाशीनंतर बाहुली पाचच्या आसपासच उघडते. माझं वय आता बावन्न आहे. म्हणजे सातच्या टिकलीतला कडेचा उजेड माझ्या डोळ्यात जातच नाही, बुबुळावर पडून वाया जातो. तरी मी सातचीच वापरते, कारण थंडीत आणि घाईत डोळा नेमका मधोमध लागत नाही, आणि मोठी टिकली ती चूक पोटात घालते. पण साठीतल्या कुणी विचारलं, तर मी आठ बाय बेचाळीस घ्या म्हणेन आणि वाचलेलं वजन पाठीवर दुसऱ्या कशासाठी ठेवा म्हणेन.

जाहिरातींत आणखी एक आकडा असतो, संधिप्रकाशाचा. पटी आणि भिंग यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढतात. आठ बाय छप्पन्नचा एकवीस येतो, माझ्या त्या दुर्बिणीचा चोवीस पटींवर जवळजवळ पस्तीस. या हिशोबाने माझी दुर्बीण त्या संध्याकाळी म्हाताऱ्याच्या दुर्बिणीच्या कितीतरी पुढे असायला हवी होती. या आकड्याला काचेचा दर्जा कळत नाही, लेप कळत नाही, बाहुली तर अजिबात कळत नाही. दुकानात कुणी तो पुढे केला तर मी विषय बदलते.

लेपाबद्दल मात्र मला थोडं रेंगाळू द्या, ते माझं रोजचं काम आहे. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा वाटेतच संपतो. १९३५ साली त्साइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परतणं रोखायची पद्धत शोधली. आज निर्वात पेटीत आम्ही एकावर एक थर चढवतो, प्रत्येक थर उजेडाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढा. चांगल्या दुर्बिणीतून नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड पार होतो. पण नव्वद आणि ब्याण्णव यांच्यातला फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही, आणि त्या दोन टक्क्यांसाठी हजार युरो जास्त मोजणाऱ्या माणसाला मी थांबवेन. जो फरक कळतो तो वेगळा असतो. पश्चिमेला आभाळ अजून उजळ असतं आणि जनावर त्याच्या खालच्या काळ्या झाडोऱ्यात उभं असतं. साध्या दुर्बिणीत तो आभाळाचा उजेड नळीच्या आत इकडेतिकडे आपटतो आणि सगळ्या चित्रावर दुधट साय धरतो. चांगल्या दुर्बिणीत काळं काळंच राहतं. हे ट्यूबलाइटखाली, दुकानाच्या काउंटरवर कधीच दिसणार नाही. दोन दुर्बिणी घेऊन तिन्हीसांजेला बाहेर बसावं, सावलीतल्या एकाच खोडाकडे आळीपाळीने बघावं, आणि साल कुठल्या दुर्बिणीत आधी दिसेनाशी होते ते बघावं. इथले बरेच दुकानदार तेवढ्यासाठी दुर्बीण एका संध्याकाळपुरती देतात.

डोळ्याचंही एक वेळापत्रक असतं. अंधाराला पुरतं सरावायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा बघितला की ती सगळी मिनिटं गेली. उजेड कमी होत जातो तसा लाल रंग आधी मरतो. गव्हाच्या बांधावरची लाल खसखशीची फुलं काळी पडतात आणि गवत मात्र फिकट दिसत राहतं. आमच्या घरामागच्या जास्वंदीचंही तेच होत असे. लहानपणी मला वाटायचं, रात्री फुलं कोळसा होतात. आणखी एक गोष्ट दुर्बीण विकणारे सांगत नाहीत. डोळ्याच्या मधोमध, जिथे आपण नजर रोखतो, तिथे अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात. त्यामुळे एखाद्या आकाराकडे टक लावून पाहिलं की तो नाहीसा होतो, आणि जरा बाजूला पाहिलं की परत येतो. डुक्कर होतं की झुडूप, हे मनाने आधीच ठरवलेल्या माणसाची इथे फसगत होते.

फुलीबद्दल थोडक्यात. मी आता जर्मनीत चार नंबरची म्हणतात ती वापरते : तीन बाजूंनी जाड दांडे, मधे बारीक फुली, केंद्रात मंद लाल ठिपका. दांडे जाड असल्याने ठिपका बंद पडला तरी मधली जागा कळते. ठिपका किती तेजस्वी होतो हे विचारू नका, किती मंद होतो हे विचारा. मंद होत नसेल तर तो निखाऱ्यासारखा जळतो आणि त्याच्यामागचं जनावर गिळून टाकतो.

इथल्या शिकाऱ्यांकडे दोन शब्द आहेत, ते मला मराठीत हवे आहेत. पहिला ब्यूक्सेनलिश्ट, म्हणजे रायफलीपुरता उजेड. कायद्याने इथे हरणांवर सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंतच गोळी झाडता येते, त्यापुढे रात्र. रानडुकराला ती मर्यादा नाही. पण कायद्याचं घड्याळ आणि झाडाखालचा उजेड एक नसतात. ढगाळ संध्याकाळी सूचिपर्णी झाडांखाली अर्ध्या तासात रात्र होते, आणि पौर्णिमेला बर्फावर मध्यरात्रीही कान मोजता येतात. दुसरा शब्द आन्श्प्रेशन. शब्दशः त्याचा अर्थ कुणाला उद्देशून बोलणं, हाक मारणं. शिकाऱ्यांच्या भाषेत मात्र प्राणी ओळखणं : कोण आहे, नर की मादी, किती वयाचा, धडधाकट की आजारी, सोबत पिल्लं आहेत का. हे ओळखणं हातातल्या दुर्बिणीतून करायचं असतं. रायफलीवरच्या दुर्बिणीतून 'कोण आहे ते बघू या' म्हणणं म्हणजे जे काय असेल त्याच्यावर भरलेली नळी रोखणं, आणि परीक्षेत तेवढ्यावरून नापास करतात. म्हणून माझं मत ठाम आहे : पैसे मोजकेच असतील तर त्यांतले जास्त हातातल्या दुर्बिणीवर खर्च करावेत. रायफलीवर जुनी, पटी न बदलणारी आठ बाय छप्पन्न पुरते. इथे ती काही शे युरोंत मिळते. नव्या पहिल्या दर्जाच्या दुर्बिणीला दोन हजारांच्या वर पडतात.

गेल्या वर्षीची जुलैमधली रात्र. गहू दुधात होता. डुकरांना तेव्हाच तो सगळ्यात जास्त आवडतो. इथे पिकाच्या नुकसानीची भरपाई बहुतेक वेळा करारानुसार शिकारीच्या पट्टेदारालाच शेतकऱ्याला द्यावी लागते, त्यामुळे म्हाताऱ्याने त्या आठवड्यात मला तीनदा फोन केला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी शेताच्या कडेला एक डुक्कर बाहेर आलं. एकटं, मोठं, साठ मीटरवर, आडवं उभं. मागे चढाची माती, म्हणजे गोळी पार गेली तरी जमिनीत रुतेल. रायफल खांद्याला लावायला सगळं अनुकूल. मी हातातल्या दुर्बिणीतून बघत राहिले. उन्हाळ्यात उंच पिकाच्या कडेला एकटं दिसणारं डुक्कर बरेचदा एकटं नसतं. पिल्लं आत गव्हात असतात, आणि गहू त्यांच्या डोक्यावरून जातो. पिल्लं तिच्यावर अवलंबून असताना आईला मारणं इथे फौजदारी गुन्हा आहे. पोटाची खालची रेघ बघायची, आचळं दिसतात का ते बघायचं. गवत गुडघ्याएवढं होतं. पोट दिसे, पोटाखालचं दिसेना. मी चार मिनिटं पाहिलं. पाचव्या मिनिटाला उजेड एवढा उतरला की पोटही गवतात मिसळलं, आणि ती किंवा तो परत गव्हात गेला. मागोमाग गहू हलला. पिल्लांनी हलला की वाऱ्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. सकाळी म्हाताऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि शेतकऱ्याबरोबर नुकसान मोजायला गेला.

त्या वेळी माझ्याकडे उष्णता दाखवणारं उपकरण असतं तर? हा प्रश्न आता इथे प्रत्येक मचाणावर आहे. जर्मनीत २०२०च्या सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर पहिल्यांदा सापडला, २०२४च्या जूनमध्ये तो आमच्या हेसनमध्येही पोचला. माणसाला त्याचा धोका नाही, पण डुकरांचे गोठे त्याने रिकामे होतात. डुकरांची संख्या कमी करायचा दबाव मोठा आहे, आणि २०२०मध्येच शस्त्रकायदा बदलून शिकाऱ्यांना रात्री पाहण्याची जोडउपकरणं वापरायची वाट मोकळी केली गेली. रोग पसरलेल्या भागात त्यांचा वापर मला समजतो. कळप कुठे आहे हे शोधायला आणि मोजायला माझ्याकडेही हातातलं एक उपकरण आहे. पण उष्णतेच्या चित्रात आहे हे कळतं, कोण आहे ते पुरतं कळत नाही. वाटेतली गार फांदी त्यात नीट दिसत नाही, आणि फांदीला लागलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. सगळ्यात मोठी गोष्ट, ते संध्याकाळ संपल्याचं सांगत नाही. साधी दुर्बीण सांगते. तिच्यात चित्र विरत जातं, आणि विरत जाणं हाच तिचा निरोप असतो. हरणांच्या शिकारीत अशी उपकरणं येऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

माझे बाबा माळ्यावर राखणीला बसत. आश्विनात भात पिवळं पडलं की चार मेढींवर माळा बांधायचा, वर गवताचं छप्पर, खाली शेकोटी, रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणुका लागल्या की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि नंतर ते सायकलवरून परत आणायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका तिन्हीसांजेला त्यांच्याबरोबर माळ्यावर होते. भाताच्या कडेला काळं, ठेंगणं काहीतरी हललं. मला खात्री होती, डुक्कर. बाबांनी बंदुकीला हात लावला नाही, डबा वाजवला. ते काळं उभं राहिलं, मान वर केली आणि हंबरलं. शेजाऱ्यांचं रेडकू दावं तोडून आलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "काळोखात दिसता ता सगळा डुकरच नसता."

२०२५च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या मागावर गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि तो गेला. तिथे परवानगीचाही प्रश्न नव्हता, ती चोरटी शिकार होती. पण परवानगी आली तरी काळोख तोच राहील. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे; माझ्या भावाच्या घरात ते मी पाहिलं आहे. म्हणूनच महाराष्ट्रात असे अधिकार गावांना द्यायचे झाले, तर नुसता कागद देऊ नये. इथल्यासारखी परीक्षा हवी. तीही भर दुपारी मैदानात पत्र्याच्या पाटीवर नेम मारून नव्हे, तर संध्याकाळी शेतात उभे केलेले आकार ओळखून. उंचावरून खाली मारायची अट हवी. आमच्या कोकणात तर ती जास्तच हवी, कारण कातळावर पडलेली गोळी रुतत नाही, उसळते. आणि भरपाई वेळेवर मिळायला हवी, म्हणजे प्रत्येक रात्र बंदुकीनेच सोडवायची वेळ येणार नाही.

भाच्याला लिहिलं की ती चोवीस पटींची घेऊ नकोस. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा माझी जुनी हातातली दुर्बीण घेऊन येते. तोपर्यंत बाबांच्या जागी माळा बांध, फोन खाली घरात ठेव, आणि रोज एकच गोष्ट वहीत लिही : कडेच्या आकाराची ओळख पटायची किती वाजता थांबली. बंदूक नको, घड्याळ पुरे.

त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला आहे. पहिली नोंद : "६.५२. आंब्याखाली काळा. डुकर की शेजाऱ्याचो रेडो, कळाक नाय."